रशिया-जपान युद्ध १९०४ च्या फेब्रुवारीतच का पेटलं?

प्रश्न असा आहे : १९०४-०५ चं रशिया-जपान युद्ध ‘कोरिया आणि मांचुरियावरून’ झालं, असं जिथेतिथे लिहिलेलं असतं. (मांचुरिया म्हणजे चीनचा ईशान्य भाग.) मग सहा महिने वाटाघाटी चालू असताना ‘मांचुरिया तुमचा, कोरिया आमचा’ एवढी साधी वाटणी का होऊ शकली नाही? आणि युद्ध व्हायचंच होतं, तर ते नेमकं त्या फेब्रुवारीत का झालं?

दुसऱ्या प्रश्नाच्या मागे लागलं की पहिल्याचं उत्तर बरंचसं हाती येतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. भांडण जमिनीचं होतं, पण युद्धाची तारीख ठरवली ती रेल्वेने आणि गोदीत बांधल्या जाणाऱ्या जहाजांनी. ‘आज रशिया जे आश्वासन देतोय ते दोन वर्षांनी, त्याचा लोहमार्ग पुरा झाल्यावर, पाळेल का?’ या प्रश्नाचं उत्तर टोकियोत कुणालाच ‘हो’ असं देता येईना. म्हणून वाटणी झाली नाही.

सुरुवात १८९५ पासून करावी लागते. चीनला हरवल्यावर १७ एप्रिल १८९५ ला शिमोनोसेकीचा तह झाला. जपानला तैवान, पेस्काडोर्स बेटं, मांचुरियाच्या दक्षिण टोकाचा, पोर्ट आर्थर बंदरासकट ल्याओतुंग द्वीपकल्प आणि २० कोटी तैल एवढी खंडणी मिळाली. तैल हे चांदीचं चिनी परिमाण. सहाव्या दिवशी रशिया, फ्रान्स आणि जर्मनी या तिघांनी मिळून ‘मैत्रीपूर्ण सल्ला’ दिला : ल्याओतुंग परत करा. तिघांच्या आरमारांपुढे जपानचं काही चालणार नव्हतं. आणखी ३ कोटी तैल घेऊन द्वीपकल्प परत करावा लागला. सरपणावर झोपायचं आणि पित्त चाटायचं, म्हणजे सूड घेईपर्यंत स्वतःला सुख लाभू द्यायचं नाही, अशा अर्थाची एक जुनी चिनी म्हण त्या वर्षी जपानी वर्तमानपत्रांत घोषणा म्हणून फिरू लागली.

या अपमानापेक्षा त्या पैशाचा प्रवास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खंडणी भरायला चीनच्या तिजोरीत पैसा नव्हता. जुलै १८९५ मध्ये ४० कोटी फ्रँकचं कर्ज उभं राहिलं. पैसा मुख्यतः फ्रेंच बँकांचा आणि हमी रशियाची. चीनने कर्जाऊ पैशातून खंडणी भरली, ती जपानला लंडनमध्ये पौंडांत मिळाली (एकूण सुमारे ३ कोटी ८० लाख पौंड), आणि तिचा मोठा हिस्सा सैन्य आणि आरमारावर गेला. फुजी, याशिमा, शिकिशिमा, हात्सुसे, आसाही, मिकासा या सहाही युद्धनौका ब्रिटिश गोद्यांत तयार झाल्या. म्हणजे रशियाच्या हमीवर काढलेल्या कर्जाचा पैसा अखेर रशियाशी लढणाऱ्या जहाजांत गेला. पायदळाच्या डिव्हिजन ७ वरून १३ झाल्या त्याही याच काळात.

कर्जाची हमी दिल्याबद्दल रशियाने चीनकडून मोबदला घेतला, आणि तिथून लोहमार्गाची गोष्ट सुरू होते. सायबेरियन रेल्वेचं काम १८९१ पासून चालू होतं. अर्थमंत्री विट्टे यांनी १८९६ मध्ये चीनच्या ली हुंगचांग यांच्याशी गुप्त करार केला : जपानने हल्ला केला तर रशिया चीनच्या मदतीला येईल, आणि त्यासाठी व्लादिवोस्तोकला जाणारा लोहमार्ग मांचुरियातून सरळ न्यायची परवानगी चीन देईल. रशियाच्याच हद्दीतून, आमूर नदीच्या कडेने गेलं तर वळसा मोठा पडत होता आणि प्रदेशही अवघड होता. इंजिनीयरच्या नजरेने पाहिलं तर निर्णय चोख होता. पण आता साम्राज्याची मुख्य नस परक्या मुलखातून जाणार होती. मार्ग आला की त्याच्या राखणीला पहारेकरी येतात, पहारेकऱ्यांसाठी बराकी, बराकींसाठी हार्बिनसारखं शहर, आणि मग ते सगळं सोडून माघारी जाणं कुठल्याच सरकारला शक्य होत नाही.

१८९७ च्या नोव्हेंबरात जर्मनीने चीनचं क्याउचौ बंदर बळकावलं. त्याचा आडोसा घेऊन डिसेंबरात रशियन जहाजं पोर्ट आर्थरमध्ये शिरली. २७ मार्च १८९८ ला रशियाने पोर्ट आर्थर आणि शेजारचं तालिएनवान २५ वर्षांच्या पट्ट्याने घेतलं, शिवाय हार्बिनपासून तिथपर्यंत फाटा टाकायचा हक्क मिळवला. तीन वर्षांपूर्वी ‘चीनच्या अखंडतेसाठी’ जपानकडून सोडवलेली हीच जागा! जपानच्या दृष्टीने १८९५ च्या सल्ल्याचा खरा अर्थ त्या दिवशी उघड झाला.

व्लादिवोस्तोक हिवाळ्यात गोठतं, पोर्ट आर्थर गोठत नाही, म्हणून ते हवं होतं, हे नेहमीचं स्पष्टीकरण खरं आहे. पण बंदर म्हणून पोर्ट आर्थर सदोष होतं. मुख अरुंद, आत पाणी उथळ, आणि मोठ्या युद्धनौकांना भरतीच्या वेळीच आतबाहेर करता यायचं. त्यामुळे आरमार बऱ्याचदा बंदराबाहेर उघड्यावर नांगरून ठेवावं लागे. ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्री जपानी टॉर्पेडो नौकांना ते तिथेच सापडलं. शिवाय पोर्ट आर्थर आणि व्लादिवोस्तोक यांच्यामध्ये आख्खा कोरिया येतो. दोन बंदरांतल्या रशियन जहाजांना एकत्र यायचं तर कोरियाच्या सामुद्रधुनीतून, जपानच्या दारातूनच जावं लागणार. त्यामुळे पोर्ट आर्थर घेतल्यावर रशियन आरमाराला कोरियाचा दक्षिण किनाराही हवासा वाटू लागला. एक ठाणं राखायला पुढचं ठाणं लागतं ते असं.

जपानला कोरिया का सोडता येत नव्हता? यामागाता आरितोमो यांनी पंतप्रधान असताना १८९० मध्ये संसदेत दोन रेषांची मांडणी केली होती. एक सार्वभौमत्वाची रेषा, म्हणजे जपानचा किनारा. दुसरी हिताची रेषा, जी पहिलीच्या रक्षणासाठी तिच्या बाहेर धरून ठेवायची. ही दुसरी रेषा कोरियातून जात होती. कोरियातल्या माणसांना यात काही विचारायचं असतं, हे त्या मांडणीत कुठेच नव्हतं. ऑक्टोबर १८९५ मध्ये सोलच्या राजवाड्यात राणी मिन यांचा खून झाला. कटाची सूत्रं तिथल्या जपानी वकिलातीतून हलली होती. त्याचा परिणाम उलटाच झाला : फेब्रुवारी १८९६ मध्ये राजे कोजोंग राजवाड्यातून निसटून रशियन वकिलातीत गेले आणि वर्षभर तिथूनच कारभार पाहत राहिले. जपानच्या स्वतःच्या क्रूर धसमुसळेपणाने रशिया कोरियात आला, ही बाजू जपानधार्जिण्या लिखाणात हमखास गाळली जाते. पुढे १८९६ आणि १८९८ मध्ये दोघांनी कोरियाबद्दल करार केले, पण ते सगळे ‘तूर्तास जैसे थे’ या धर्तीचे.

मग १९०० चं बॉक्सर बंड, म्हणजे चीनमधला परकीयांविरुद्धचा उठाव. मांचुरियात रेल्वेवर हल्ले झाले आणि रशियाने लाखाहून जास्त सैनिक घुसवून तिन्ही प्रांत व्यापले. ८ एप्रिल १९०२ ला चीनशी करार झाला की सहा-सहा महिन्यांच्या तीन टप्प्यांत सैन्य मागे घेऊ. पहिला टप्पा ऑक्टोबर १९०२ मध्ये पार पडला, जरी त्यातले बरेच सैनिक रेल्वेच्या पट्ट्यातच सरकवले गेले. दुसऱ्या टप्प्याची मुदत ८ एप्रिल १९०३ ची होती. ती पाळण्याऐवजी रशियाने चीनपुढे नव्या अटींची यादी ठेवली. ऑक्टोबरात तिसरी मुदतही गेली आणि त्या महिन्याच्या अखेरीस मुकडेन शहरात रशियन सैन्य परत शिरलं.

या सगळ्या प्रकरणातून मला एकच तारीख निवडायला सांगितली, तर मी ही ८ एप्रिल १९०३ निवडीन. तोवर टोकियोत दोन मतं होती. माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी आणि त्यांच्या बाजूचे लोक रशियाशी अदलाबदल करू म्हणत होते, आणि त्यासाठी इतो १९०१ च्या अखेरीस स्वतः सेंट पीटर्सबर्गला जाऊन आले. पंतप्रधान कात्सुरा आणि परराष्ट्रमंत्री कोमुरा यांना आधी ब्रिटनचा आधार हवा होता. ३० जानेवारी १९०२ चा ब्रिटन-जपान करार हे त्यांचं काम. त्यातलं कलम नीट वाचायला हवं : जपान एका सत्तेशी लढत असेल तर ब्रिटन तटस्थ राहील, पण शत्रूच्या बाजूने दुसरी सत्ता उतरली तर ब्रिटन जपानच्या बाजूने उतरेल. फ्रान्स रशियाचा मित्र होता. या कलमाने फ्रान्सला घरी बसवलं, आणि १८९५ चं त्रिकूट पुन्हा जमण्याची भीती संपली. कराराची मुदत पाच वर्षांची. तोही एक काटा टिकटिकत होताच.

एप्रिल १९०३ नंतर इतोंच्या बाजूचा मुद्दा लंगडा पडला. कागदावर तारखांसह दिलेलं वचन जो मोडतो, त्याच्याकडून कोरियाबद्दल नवा कागद घेऊन काय मिळणार? त्याच सुमारास यालू नदीच्या मुखाशी, कोरियाच्या हद्दीतल्या योंगाम्पोला रशियन माणसं येऊन घरं बांधू लागली. नाव लाकूडतोडीच्या मक्त्याचं. हा मक्ता व्लादिवोस्तोकच्या ब्रिनर नावाच्या व्यापाऱ्याने १८९६ मध्ये मिळवला होता. पुढे तो निवृत्त घोडदळ अधिकारी बेझोब्राझोव्ह यांच्या कंपूकडे आला आणि झार दुसरे निकोलस त्यांच्या पाठीशी होते. ‘मजुरां’त सैनिक पेशाची माणसं होती हे जपानी हेरांनी लगेच कळवलं.

बऱ्याच पुस्तकांत या लाकूड कंपनीलाच युद्धाचं कारण ठरवलेलं आढळतं. ते मला पटत नाही. ही कथा मोठी केली ती विट्टे यांच्या बाजूच्या लोकांनी, आणि त्यांना ती सोयीची होती. ऑगस्ट १९०३ मध्ये विट्टे यांचं अर्थखातं गेलं. युद्धाचं खापर बेझोब्राझोव्हवर फुटलं की मांचुरियातून लोहमार्ग कुणी नेला हा प्रश्न मागे पडतो. ‘क्रांती थोपवायला एक छोटं विजयी युद्ध हवं’ हे गृहमंत्री प्लेव्ह यांच्या तोंडी घातलेलं वाक्यही विट्टे यांच्याच आठवणींतून आलेलं आहे, आणि दोघे एकमेकांचे कट्टर वैरी होते. परीक्षेच्या उत्तरात ते बिनधास्त लिहिलं जातं. पुरावा म्हणून त्याची किंमत फार कमी आहे. यालूच्या लाकडाने जपानचा संशय पक्का झाला, एवढंच म्हणता येतं.

आता रेल्वे आणि जहाजांच्या त्या घड्याळाकडे जरा जवळून पाहू.

सायबेरियन रेल्वे एकेरी मार्गाची होती. सिंगल लाइनवर समोरची गाडी येईपर्यंत खोळंबलेल्या कुणालाही हा हिशेब कळेल : दोन क्रॉसिंग स्टेशनांमधलं सर्वांत मोठं अंतर कापायला दीड तास लागत असेल, तर एक गाडी जाऊन समोरची येईपर्यंत तीन तास गेले. म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त आठ जोड्या, आणि तेही काही बिघडलं नाही तर. बाकी मार्ग कितीही चांगला असो, सगळ्याची क्षमता त्या एका लांब टप्प्याने ठरते. इथे बाकी मार्गही चांगला नव्हता. खर्च वाचवायला रूळ मीटरला सुमारे २४ किलोचे, हलके टाकले होते. आज आपल्या मुख्य मार्गांवर ५२ किंवा ६० किलोचे असतात. खडी पातळ, बरेच पूल लाकडी. युद्धाच्या सुरुवातीला सैनिकी गाड्यांच्या दिवसाला तीन-चार जोड्याच निघत होत्या. मॉस्कोहून मांचुरियाच्या आघाडीपर्यंत आठ हजार किलोमीटरांच्या आसपास अंतर, आणि सैनिकांना पोचायला महिन्याहून अधिक.

शिवाय मध्ये बैकल सरोवर. त्याला दक्षिणेकडून वळसा घालणारा सुमारे २६० किलोमीटरांचा तुकडा डोंगरकड्यांतला, बोगद्यांचा, आणि १९०४ च्या सुरुवातीला अपुरा होता. तोवर गाड्यांचे डबे ‘बैकल’ नावाच्या बर्फफोड्या फेरी जहाजावर चढवून पलीकडे नेत. हे जहाज इंग्लंडात बांधून, सुटे भाग करून तिथे नेऊन जोडलं होतं. भर हिवाळ्यात बर्फ मीटरभर जाड झाला की त्याचंही चालत नसे. फेब्रुवारी-मार्च १९०४ मध्ये रशियनांनी थेट बर्फावर रूळ अंथरले. चाचणीचं इंजिन बर्फ फोडून खाली गेलं. मग इंजिनं सुटी करून आणि डबे घोड्यांनी ओढून पलीकडे न्यावे लागले, आणि सैनिक बर्फावरून चालत गेले. वळशाच्या मार्गावरून पहिली कामचलाऊ गाडी गेली ती सप्टेंबर १९०४ मध्ये. वर्षभर थांबलं असतं, तर जपानला हा तुटका दुवा सापडला नसता.

समुद्रावरचं वेळापत्रक तेच सांगत होतं. जपानचा आरमार वाढवण्याचा कार्यक्रम १९०२ मध्ये मिकासा आल्यावर पुरा झाला. रशियाचा पूर्वेसाठीचा कार्यक्रम १८९८ चा, आणि तो १९०५ मध्ये पुरा व्हायचा होता, कारण अर्थखात्याने खर्च लांबवला होता. १९०४ च्या आरंभी पोर्ट आर्थरला ७ रशियन युद्धनौका होत्या, जपानकडे ६ युद्धनौका आणि ६ चिलखती क्रूझर. पण बाल्टिकमध्ये बोरोदिनो वर्गाच्या ४ नव्या युद्धनौका पुऱ्या होत आल्या होत्या, ओस्ल्याब्या ही आणखी एक युद्धनौका पूर्वेच्या वाटेवर होती, आणि जपानच्या पुढच्या दोन युद्धनौका ब्रिटनकडून मिळायला आणखी दोन वर्षं होती. डिसेंबर १९०३ मध्ये जपानने इटलीत बांधलेले, अर्जेंटिनासाठीचे दोन क्रूझर घाईने विकत घेतले : निस्शिन आणि कासुगा. चिलीच्या दोन युद्धनौका रशियाच्या हाती पडू नयेत म्हणून ब्रिटनने स्वतःच घेऊन टाकल्या. तयार जहाजांची अशी झोंबाझोंबी लागते, तेव्हा दोन्ही बाजू वर्षांऐवजी महिने मोजू लागलेल्या असतात.

याच पार्श्वभूमीवर वाटाघाटी वाचाव्या लागतात. १२ ऑगस्ट १९०३ ला जपानने मसुदा दिला. सार असं : चीन-कोरियाची अखंडता दोघांनी मानायची, कोरियात जपानचं वर्चस्व रशियाने मान्य करायचं, मांचुरियातल्या रेल्वेपुरतं रशियाचं विशेष हित जपानने मान्य करायचं. नेमक्या त्याच दिवशी झारने ‘अतिपूर्वेचा व्हाइसरॉय’ हे पद निर्माण करून ते पोर्ट आर्थरच्या अ‍ॅडमिरल अलेक्सेयेव्ह यांना दिलं. आता परराष्ट्रमंत्री लाम्सडॉर्फ एकटे काही ठरवू शकत नव्हते. तार सेंट पीटर्सबर्गहून पोर्ट आर्थरला, तिथून टोकियोत राजदूत रोझेनना, आणि झार स्वतः त्या शरद ऋतूत जर्मनीत. उत्तर आलं ३ ऑक्टोबरला, ५२ दिवसांनी.

त्यातही मांचुरियाबद्दल चर्चाच नाही. जपानने तो विषय आपला नव्हे असं मान्य करायचं. उलट कोरियात ३९ अक्षांशाच्या उत्तरेला तटस्थ पट्टा, आणि कोरियाचा कुठलाही भाग लष्करी कामासाठी वापरायचा नाही. नकाशा काढून पाहा : ३९ अक्षांशाची रेषा प्याँगयांगला लागून जाते. देशाचा फार मोठा तुकडा जपानच्या हातातून काढून घेण्याची ही मागणी होती. जपानने कोरिया-मांचुरिया सीमेच्या दोन्ही बाजूंना ५०-५० किलोमीटरांचा पट्टा सुचवला. पुढचं रशियन उत्तर ११ डिसेंबरला, मग ६ जानेवारीला. प्रत्येक उत्तरात थोडी सवलत असे, पण आठवडे उलटलेले असत. रशियात ही दिरंगाई बहुतांशी गोंधळामुळे होती असं मी मानतो. युद्धमंत्री कुरोपात्किन तर त्या हिवाळ्यात पोर्ट आर्थरच चीनला परत करून टाकू असं लिहीत होते. टोकियोत मात्र उशिराचा एकच अर्थ लागत होता : हे लोक बैकलचा मार्ग पुरा होण्याची वाट पाहताहेत. गोंधळ आणि कावा बाहेरून सारखेच दिसतात.

१३ जानेवारीला जपानने शेवटचा मसुदा दिला. ४ फेब्रुवारीला सम्राटांसमोरच्या बैठकीत युद्धाचा निर्णय झाला, ६ तारखेला संबंध तोडले, आरमार सासेबोच्या तळावरून निघालं. रशियाचं अखेरचं, बरंच नरमलेलं उत्तर रोझेन यांच्या हाती पडलं तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. ते वेळेवर आलं असतं तर? मला नाही वाटत काही फरक पडला असता. त्यातही मांचुरियाबद्दल पाळलं जाईल असं कुठलंच बंधन नव्हतं. कोरियाने २१ जानेवारीला तटस्थता जाहीर केली होती. तिची दखल न घेता ८ तारखेला जपानी सैन्य चेमुल्पोला, आजच्या इंचॉनला, उतरायला लागलं.

आपल्याकडे एक गैरसमज रुजला आहे, त्याबद्दल थोडं. १९०५ मध्ये जपान जिंकल्यावर मराठी वर्तमानपत्रांतही मोठा उत्साह होता, आणि पारतंत्र्यातल्या माणसांना तो वाटणं स्वाभाविक होतं. पण त्या उत्साहाचा परिणाम असा की ‘आशियाने युरोपला उत्तर द्यायचं ठरवलं’ हे आपण कारण म्हणून वाचू लागलो. १९०३ च्या जपानी मसुद्यांत आशियाच्या मुक्तीचा शब्द नाही. तिथे रेल्वे आहे, अक्षांश आहेत, किलोमीटरांचे पट्टे आहेत. युद्ध संपल्यावर पाच वर्षांनी, १९१० मध्ये, जपानने कोरिया गिळला.

जपानने हा हिशेब थंड डोक्याने केला होता. निर्णयाच्या त्याच दिवसांत इतोंनी कानेको केंतारो यांना अमेरिकेला पाठवायची तजवीज केली. थिओडोर रूझवेल्ट कानेकोंच्या परिचयाचे होते आणि पुढेमागे मध्यस्थ लागणारच होता. लंडन-न्यूयॉर्कमध्ये कर्ज उभं करायला ताकाहाशी कोरेकियो निघाले. मार्च १९०५ मध्ये मुकडेनची प्रचंड लढाई जिंकल्यावर मांचुरियातल्या जपानी सैन्याचे चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे सेनापतींचे मुख्य सहायक, कोदामा टोकियोला आले ते तह करा असं सांगायला. अधिकारी, दारूगोळा आणि पैसा संपत आला होता. पलीकडे रूळ सुधारले होते, क्रॉसिंग स्टेशनं वाढली होती, बैकलचा वळसा चालू झाला होता, आणि रोज दहाहून जास्त गाड्या रशियातून ताजी माणसं घेऊन उतरत होत्या.